आबांचं ग्रीक

अमळनेरच्या आमच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे देवरे सर वर्गात "समजलं का?" असं कधीच विचारत नसत. धडा संपला की टेबलाला रेलून ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत आणि विचारत, "कोठे नडनं?" म्हणजे कुठे अडलं? बाकीचे प्राध्यापक कोट घालून इंग्रजी मिसळलेलं मराठी बोलायचे आणि हे गृहस्थ घरची अहिराणी थेट वर्गात घेऊन यायचे. मी फैजपूरची. आमची बोली वेगळी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला हसू फुटलं. त्यांनी ते पाहिलं. "समजलं का विचारलं की माणूस खोटं बोलतो," ते म्हणाले. "कुठे अडलं विचारलं की बिचाऱ्याला खरं सांगावं लागतं."

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मग मीही म्हणू लागले.

त्यांचं खरं वेड मात्र ग्रीकचं. तरुणपणी धुळ्याच्या एका गोऱ्या पाद्र्याकडे ते सुट्टीत ग्रीक अक्षरं गिरवायला जात. अक्षरं झाली, थोडेफार धडे झाले, तेवढ्यात देश स्वतंत्र झाला आणि पाद्री मायदेशी निघाला. जाताना आपली ग्रीक पुस्तकं आबांना देऊन गेला. दुसऱ्या कोणी ती माळ्यावर टाकली असती. आबांनी त्या पुस्तकांनाच गुरू केलं. व्याकरणाच्या पुस्तकाची मधली पानं पाद्र्याच्या कपाटातच वाळवीने खाल्ली होती. तेवढी जागा त्यांनी संस्कृतच्या नियमांवरून अंदाजाने भरून काढली, आणि पुढे तो अंदाज होता हेच विसरून गेले.

माझं संस्कृत बरं आहे म्हटल्यावर त्यांनी मला पकडलंच. कॉलेजच्या आधी त्यांच्या ओट्यावर शिकवणी चाले. ते खुर्चीत, मी खाली चटईवर. चहा आणून देताना अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, न चुकता म्हणायच्या, "हाऊ माणूस येडा शे, पोरी. तू तरी शहाणी ऱ्हाय." आबांचा जीव वाक्यरचनेवर आणि त्यातही जर-तरच्या वाक्यांवर. पाऊस पडला तर कपाशी येईल. समजा पडलाच, तर येईलही बापडी. पडला असता तर आली असती. ही तिन्ही वाक्यं ग्रीक लोक वेगवेगळी कशी बांधायचे हे सांगताना त्यांचा चहा पार गार होई. "जे घडलंच नाही त्याचंसुद्धा व्याकरण आहे बघ," ते म्हणत. "केवढी सोय केली आहे माणसाची!"

कॉलेजात ग्रीकचा वर्ग काढावा ही त्यांची एकच इच्छा. प्राचार्यांची ना नव्हती, पण शिकवणाऱ्याकडे ग्रीकची एम.ए. हवी, अशी त्यांची अट होती. त्यासाठी आबा बाहेरून परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा व्याकरणाच्या पेपरात आपटले. स्टाफरूममध्ये थट्टा होई, त्यात तेही हसत. मला मात्र एकदा म्हणाले, "दोनदा नडनं, पोरी. पण कुठे नडलं तेच कळत नाही." जगाला तो प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच त्याच्यापुढे असा हतबल झालेला पाहून मला भडभडून आलं.

बी.ए. झाल्यावर ग्रीकच्या एम.ए.साठी मला मुंबईला पाठवायला माझे वडील तयार नव्हते. आबा स्वतः फैजपूरला आले. या ग्रीकचा उपयोग काय, असं वडिलांनी केळीच्या बागेत उभं राहून विचारलं. "काहीच नाही," आबा म्हणाले. "पण केळीला पाणी लागतं तसं हिला हे लागतं, त्याला मी काय करू?" जूनमध्ये वडिलांनी स्वतःच मला गाडीत बसवून दिलं.

मुंबईत माझा पहिलाच निबंध लाल शाईने भरून परत आला. मी ग्रंथालयात जाऊन तेच व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्यात ती मधली पानं शाबूत होती, आणि ती नेमकी जर-तरची होती. जर-तरचं म्हणून आबांनी मला जे शिकवलं होतं, ते ग्रीक नव्हतंच. ग्रीक शब्दांत बसवलेलं संस्कृत होतं ते. ते दोनदा कुठे अडले ते मला त्या टेबलापाशी कळलं, आणि ते कळल्याचा मला जराही आनंद झाला नाही.

एम.ए. होऊन मी धुळ्याला नोकरीला लागले तेव्हा आबा तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होते. निवृत्ती जवळ आली होती, पुन्हा संधी नव्हती. सांगितलं नाही तर ते नापास होणार. सांगितलं तर ज्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव, तेच खोटं ठरणार. एकदा मी अमळनेरला गेले आणि नुसता चहा पिऊन परत आले. पुढच्या खेपेला पुस्तकच बरोबर नेलं आणि ती पानं उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

आबांनी ती सावकाश वाचली. मग विचारलं, "बठ्ठंच चुकनं?"

"सगळं नाही, आबा. जर-तरचं तेवढंच."

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता आत निघून जातील. तर ते गुडघ्यावर हात टेकत चटईवर माझ्या शेजारी बसले आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, तिथे बसा. शिकवा."

मी बसले.

मग दर रविवारी एस.टी.ने ते धुळ्याला येऊ लागले. उशीर झाला तर दारातच थांबून "येऊ का, बाई?" असं विचारत. शिकवणी चालू असेतो मी बाई आणि तुम्ही. पुस्तक मिटलं की लगेच पोरी आणि तू, आणि स्वयंपाकात तिखट कमी घालतेस म्हणून बोलणी. माझ्या घरमालकिणीला हे म्हातारे विद्यार्थी भलतेच आवडले होते.

आबा पास झाले, तिसऱ्या वर्गात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन, अक्कांना घेऊन हजर. "पास व्हयनू, बाई," म्हणाले आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी घाबरून त्यांच्या पायांवर वाकले आणि आमची डोकी दाणकन आपटली. अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. जूनमध्ये अमळनेरला ग्रीकचा वर्ग निघाला. मुलं मोजकीच, पण निवृत्त होईपर्यंत आबांनी तो चालवला.

पुढे त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा बोलणं जवळजवळ थांबलं होतं. अक्का उशाशी बसून पदराने वारा घालत होत्या. मी आबांचा हात हातात घेतला. जन्मभर जे त्यांच्या तोंडून ऐकलं तेच विचारलं.

"आबा, कोठे नडनं?"

त्यांनी डोळे उघडले. समोर पुस्तक नव्हतं, शिकवणी नव्हती, तरीही म्हणाले, "कोठेच नही, बाई."