महेश्वरी मॅडमचं पायथन

अणदूरच्या महेश्वरी मॅडमनी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली, की त्यांना अडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचा कॉम्प्युटर क्लास. गिरणी सुरू झाली की मॅडमचा आवाज चढतो आणि गिरणी थांबली तरी उतरत नाही, अशी मुलांची तक्रार. त्यांनी सहा वर्षं खपून मराठीत पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारं पुस्तक लिहिलं, ते हर्षालीमुळे. दोन महिने इंग्रजी पुस्तकाशी झटापट करून हर्षाली क्लास सोडून गेली होती. जाताना म्हणाली, "मॅडम, तेवढं डोकंच न्हाय मला." पोरगी चांगली हुशार. मॅडमना ते फार लागलं.

रविवारी पुस्तकाचं प्रकाशन, अशी पत्रकं एसटी स्टँडवर आणि खंडोबाच्या देवळाबाहेर लागली. व्हॉट्सॲपवर तर ती इतकी फिरली की मॅडमच्या नवऱ्याला, शिवपुत्रला, ती चौदा जणांकडून आली.

शुक्रवारी नळदुर्गच्या छापखान्यातून तीनशे प्रती आल्या. मॅडमनी दोरी कापली, वरची प्रत नाकाशी धरून वास घेतला, नववं पान उघडलं आणि मग भराभर पुढची पानं उलटली.

प्रोग्रामची प्रत्येक ओळ पानाच्या मधोमध छापलेली. पायथनमध्ये काही ओळी डावीकडून चार जागा सोडून लिहाव्या लागतात. कुठलं काम कुठल्या कामाच्या पोटात आहे, ते कॉम्प्युटरला त्यावरूनच कळतं. पुस्तकात एकशे चाळीस प्रोग्राम होते आणि सगळ्यांतल्या त्या जागा गायब.

सगळे गठ्ठे रिक्षात घालून मॅडम तडक छापखान्यात गेल्या. मालक ईरण्णा काका, चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापलेला माणूस. मॅडमना पाहून ते खुलले.

"पोरी, तू प्रूफ पास करून गेलीस, पण ओळी लई मागंपुढं झाल्या व्हत्या. तुजं पुस्तक म्हणून म्या दोन दिवस सोता बसलो आन् एकूण एक ओळ मधी आणली. अगदी पत्रिकेवानी! कसं दिसतंय?"

एवढ्या मायेवर चिडायचं तरी कसं? शिवाय छपाईआधी पानं पुन्हा एकदा बघायला आपण फिरकलो नाही, हे त्यांना आतून टोचत होतंच. त्यांनी लॅपटॉप काकांपुढे ठेवला.

"काका, नवव्या पानावर बाराच्या पाढ्याचा प्रोग्राम हाय. तीनच ओळी हायेत. तेवढ्या टाइप करा बघू."

काकांनी पुस्तकात बघून एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी बोट ठेवून ठेवून वाचलं, तरी तेच. मग कानकोंडं हसून त्यांनी लॅपटॉप दूर सारला.

"ऱ्हाऊ दे. आमच्या डोक्याचं काम न्हाय हे."

मॅडमनी लॅपटॉप स्वतःपुढे ओढला. "डोकं तुमचं बरोबर हाय, काका. पान चुकलंय."

तिसऱ्या ओळीआधी त्यांनी चार जागा सोडल्या. बारा, चोवीस, छत्तीस करत पाढा एकशे वीसपर्यंत उतरला. आपण काय करून बसलो, ते काकांना आता कळलं.

तरी माणूस धंद्यात मुरलेला. "चूक सुधारायची चिठ्ठी छापू आन् पुस्तकात चिकटवू," ते म्हणाले. "परवा रविवार. एवढा गाजावाजा करून माघार घेतलीस तर लोक हसतील."

"हसू द्या. काका, ओळी तुम्ही सोता लावल्या. तरी पान चुकलं असंल, असं तुमच्या मनात आलं न्हाय. तुम्ही आपल्याच डोक्याला बोल लावला. मग पोरांनी काय करावं?"

काका उठले आणि पहिला गठ्ठा त्यांनी पत्रिका कापायच्या मशीनखाली ठेवला. एकही प्रत कुणाच्या हाती जायला नको होती. पण दांडा ओढायला त्यांचा हात होईना. तो मॅडमनी ओढला. मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव मधोमध कापलं गेलं तेव्हा त्यांना रडू फुटलं, आणि रडत रडतच त्यांनी दुसरा गठ्ठा पुढे सरकवला.

नवं पत्रक मॅडमनी तिथंच बसून लिहिलं. काकांनी हातातल्या पत्रिका बाजूला ठेवून ते आधी छापलं आणि शनिवारी ते जुन्या पत्रकांवर चिकटलं:

"रविवारी पुस्तक मिळणार नाही. छापलेल्या प्रती चुकीच्या होत्या, त्या नष्ट केल्या आहेत. छपाईआधी पानं मी पुन्हा तपासली नाहीत, ही चूक माझी. नवं पुस्तक वीस दिवसांनी येईल. त्यातला एखादा प्रोग्राम पानावर आहे तसा टाइप करूनही चालला नाही, तर वाचकांनी स्वतःला दोष देऊ नये. पुस्तक घेऊन क्लासवर यावं आणि माझ्याशी भांडावं."