टी-चारपासून दोन पावलं

माझं काम शंका घेण्याचं. ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्याने लिहिलेलं काही नीट चालताना दिसलं की मी ते पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. नीट चालतंय याचा अर्थ चूक मला अजून सापडलेली नाही, एवढाच. ही सवय संध्याकाळी ऑफिसातच ठेवून घरी येत जा, असं नवरा म्हणायचा. मला ते कधीच जमलं नाही.

लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायची. एकदा जेवताना तिने सांगून टाकलं की ती मार्चिंग बँडमध्ये जाणार आहे. इथल्या राजवाड्यापुढे असतो तसला नाही, अमेरिकन पद्धतीचा. पलीकडच्या गावात दर रविवारी प्रॅक्टिस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

बँड म्हटल्यावर मला आठवला तो लग्नातला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घामाघूम झालेले वाजंत्री आणि त्यांच्यापुढे नाचणारे नवरदेवाचे मित्र. ‘पुण्यात मावशीला काय सांगू? पोरीला इंग्लंडात शिकायला ठेवली आणि ती वराती वाजवते?’ मी म्हटलं. नवरा हसला. लेक हसली नाही. तिचं मराठी इथंच वाढलेलं, पुल्लिंग-स्त्रीलिंगाची मारामार. ‘आई, वरात नाहीये. फील्ड शो असतो. तू एकदा बघायला ये, मग बोल,’ ती म्हणाली.

मी गेले. बघायला कसली, तपासायला.

शाळेचं रग्बीचं मैदान होतं. त्यावर पांढऱ्या पट्ट्या अंथरून आडव्या रेघा केलेल्या, कारण अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते आणि हा सगळा प्रकार त्या रेघांवर चालतो. साठेक पोरं आणि जराही आवाज नाही. साठ पोरं एका ठिकाणी गप्प उभी आहेत हे पाहूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरी हिला ‘ताट उचल’ म्हणून पाच वेळा सांगावं लागतं. इथे कोणीतरी एकच शब्द ओरडला की सगळ्यांच्या माना ताठ. बाजूला काही मुली झेंडे फिरवत होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या हातात बंदुका होत्या. लाकडी, पांढऱ्या रंगाच्या, पण बंदुकाच. हवेत गरागरा फेकायच्या आणि झेलायच्या. आणि मैदानाच्या कडेला लोखंडी पायपांचं उंच मचाण, त्यावर बारीक केस कापलेला एक पन्नाशीचा माणूस, पोरांवर व्हिडिओ कॅमेरा रोखून.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ‘तिथे काहीतरी पाणी मुरतंय.’

‘अगं, बँड आहे तो,’ नवरा म्हणाला.

‘बँडला बंदुका कशाला लागतात?’

तेच शोधायला मी लायब्ररीत गेले. अमेरिकन बँडवर एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि पहिल्याच प्रकरणात मला हवं ते सापडलं. हे सगळं सैन्यातून आलेलं. ढोल आणि बिगुल मुळात शिपायांना हुकूम कळवण्यासाठी. तिकडचं यादवी युद्ध संपलं, शिपाई आपापल्या गावी गेले, पितळी वाद्यं गावागावांत पोचली आणि गावोगाव बँड उभे राहिले. मग युनिव्हर्सिट्यांनी ते उचलले, तेही आधी लष्करी शिक्षणाचा भाग म्हणून. पुढे फुटबॉलच्या मध्यंतरात बँड मैदानावर उतरायला लागला, सरळ रांगा मोडून अक्षरं आणि चित्रं काढायला लागला. महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी पोरांसाठी ढोल-बिगुलांची पथकं काढली, आणि आजचा हा प्रकार त्यांच्यातून आला. मुलींना बरीच वर्षं उभंच करत नसत. पुरुष लढाईवर गेले तेव्हा त्यांना घेतलं.

बाकीची पानं मी भराभर उलटली. ट्रम्पेट, पुढे तोंड करून वाजवायचा शिंगासारखा मेलोफोन, खांद्यावर तोलायचा ट्यूबा, ढोलवाल्यांची वेगळी रांग, आणि चालता येत नाही म्हणून मैदानाच्या पुढच्या कडेला मांडून ठेवलेली लाकडी पट्ट्यांची वाद्यं. हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: सैन्य. इराकच्या बातम्या तेव्हा रोज रात्री टीव्हीवर असायच्या. ऑफिसातल्या एका बाईंचा भाचा नुकताच तिकडे गेला होता आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. बारीक केसांचा तो माणूस पोरं हेरत असणार, असं मी मनाशी नक्की केलं. पुराव्याची तेवढी वाट बघत होते.

पुरावा लेकीच्या बॅगेत सापडला. हो, मी बॅग उघडली. एक छोटी वही होती, बुटाच्या नाडीने बांधलेली, गळ्यात अडकवता येईल अशी. आत पानामागून पान नुसते आकडे. ‘सेट चौदा: चाळीसच्या रेघेबाहेर तीन, पुढच्या कडेपासून मागे सहा.’ ‘सेट पंधरा: सोळा काउंट, उलटं.’ आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा: ‘टी-चारपासून दोन पावलं.’

कोण हा टी-चार?

दुसऱ्या दिवशी मी ती वही ऑफिसात नेली. लंच-अवरमध्ये सँडविच बाजूला सारून सगळे आकडे एक्सेलमध्ये भरले. पुस्तकात होतंच: सेट म्हणजे एक मांडणी, काउंट म्हणजे एक पाऊल, पाच यार्डांत आठ पावलं. त्या हिशेबाने माझ्या मुलीची पूर्ण वाट कागदावर उमटली. मैदानाच्या एका टोकाला सुरू व्हायची, मध्ये वळसा, मग मागे, मग एकदम पुढे प्रेक्षकांसमोर. आणि सगळ्या वाटेवर हा टी-चार दोन पावलांवर. सैन्य राहिलं बाजूला, आता मला हा एक नवाच घोर लागला. पोरगा असणार. दिवसभर दोन पावलांवर चिकटलेला.

प्रिंटआउट मी मूर्खासारखी पर्समध्ये ठेवली आणि पर्स डायनिंग टेबलवर. लेकीला ती पेन शोधताना सापडली.

‘तू माझी वही घेतलीस?’ तिने विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यानेच मला जास्त राग आला.

‘घेतली. टी-चार कोण आहे?’

‘आई, तो ट्रम्पेट-चार आहे. मी ट्रम्पेट-पाच आहे. ही माझी डॉटबुक आहे. प्रत्येकाला असतो. मी कुठे उभी राहायचं, तेवढंच लिहिलंय.’

‘आणि त्याचं नाव काय?’

तिने नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती माझीच मुलगी. बॅग उघडणाऱ्या बाईला ती उत्तर देणार नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत बँडचा आठवडाभराचा कॅम्प होता. तिथे शोचा शेवटचा भाग बसवायचे. नियम साधा होता: कॅम्प चुकला तर जुलैच्या शोमध्ये उतरता येणार नाही. लेकीने तो नियम मला वाचून दाखवला. मला ती धमकी वाटली. आठवडाभर मुलामुलींना एका शाळेत ठेवायचं, आणि न पाठवणाऱ्या आईबापांना वर अट घालायची? मी म्हटलं, ‘नाही जायचं.’ नवऱ्याने दोन दिवस समजूत घातली. तिसऱ्या दिवशी तोही थकला. आणि मी लेकीला म्हणाले ते वाक्य अजून आठवतं: ‘तुझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही. उद्या दुसरी उभी करतील त्या जागेवर.’

ती म्हणाली, ‘नाही करणार.’ बस, एवढंच. मग खोलीत गेली.

कॅम्पच्या चौथ्या दिवशी मी तिचा युनिफॉर्म परत द्यायला गेले. पोस्टाने पाठवता आला असता. पण मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं, खरं सांगायचं तर.

बारीक केसांचा माणूस मचाणावरून खाली उतरला. तो एका ढोलवाल्याचा बाप निघाला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तेवीस वर्षं. पोरं खाली असताना त्यांना स्वतःची रांग दिसत नाही, म्हणून तो वरून शूटिंग करायचा आणि दुपारी सगळ्यांना दाखवायचा. ‘चढून बघा हवं तर,’ तो म्हणाला. मी चढले. माझ्या संशयालाच वर जायचं होतं.

वरून पाहिलं तर ते सगळं वेगळंच होतं. खाली नुसती धावपळ वाटत होती. इथून रेघा वळत होत्या, एकमेकींतून आरपार जात होत्या, उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या आणि कोणी कोणाला धडकत नव्हतं. ट्रम्पेटवाल्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. मी वाट बघत होते की रांग सरकून ती आता मिटेल. मिटली नाही. ओळ वळली, ती रिकामी जागाही वळली. प्रिंटआउट तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होती, मला ती वाट पाठ झाली होती. पन्नासची रेघ, मग वळसा, मग मागे. ती जागा बरोबर तिथूनच चालली होती.

‘तिथे दुसरं कोणी का नाही?’ मी विचारलं.

‘जागा एकाच माणसासाठी लिहिलेली असते,’ तो म्हणाला. ‘नसेल तर मोकळी ठेवतो. सरकलं तर सगळ्यांचंच चुकतं.’

मी मचाणावरून घाईने उतरले. बँडच्या मुख्य शिक्षिकेला गाठलं आणि हात जोडायचेच बाकी ठेवले. तिला घ्या, आज संध्याकाळी आणून सोडते. त्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, चार दिवसांत नवीन भाग बसलाय, पोरं जोरात उलटी चालतात, न शिकलेल्या मुलीला मध्ये सोडलं तर कोणाचेतरी दात जातील. नियम तिच्यासाठी मोडता येणार नाही. पुढच्या वर्षी जागा तिचीच. आणि शोला जरूर या, दोघी.

हे ‘दोघी’ मला खटकलं; म्हणजे लेकही आता माझ्यासारखी प्रेक्षकांत. घरी येऊन मी लेकीला सगळं सांगितलं आणि माझी चूक झाली असंही म्हणाले. ती ‘ओके’ म्हणाली. ते ओके कसलं, हे मी आठवडाभर ओळखायचा प्रयत्न करत होते.

शो जुलैमधल्या एका शनिवारी दुपारी होता. लेक स्वतःहून तयार झाली. आम्ही स्टँडमध्ये बसलो; शेजारी फ्लास्कमधून चहा ओतणाऱ्या एक इंग्लिश बाई. बँड मैदानात आला. ट्रम्पेटच्या ओळीत ती जागा मोकळीच. इतक्या आठवड्यांनंतरही. मला वाटलं, हे मुद्दाम केलंय. मला दाखवायला, चारचौघांत माझी अब्रू काढायला. सूड आहे हा. असली मी.

मग मी टी-चार शोधला. मोकळ्या जागेच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, एक बुटकी मुलगी होती. दातांना तारा, टोपी कपाळावर घसरलेली. उलट्या पावलांनी मागे येताना ती मान न वळवता नजरेच्या कोपऱ्यातून त्या रिकाम्या गवताकडे बघत होती आणि अंतर राखत होती. एकही पाऊल जवळ आली नाही. सूड असा कोणी घेत नाही. शेजारी लेकीच्या बुटांचे शेंडे लाकडी फळीवर हलत होते, पाच, सहा, सात, आठ.

शेवटी अख्खा बँड एकदम पुढे आला, आमच्यासमोर, पितळ तोंडाला लावून. पहिल्याच ओळीत, अगदी मधोमध, ते भोक.

‘बिच्चारं पोर, आजारी पडलं की काय?’ शेजारच्या बाई म्हणाल्या.

‘आजारी नाहीये,’ लेक म्हणाली. ‘ती मी आहे.’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मग तू इथे कशी?’

मी मान खाली घातली. आता ती सांगेल, बॅग, वही, एक्सेल, सगळं. सांगायचा तिला पूर्ण हक्क होता.

‘माझ्या आईला भीती वाटत होती,’ ती म्हणाली, आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागली.