सायन्सचा कौल

अहमदपूरच्या रस्त्यावर, एका बाभळीच्या बुडाशी माझी लेक पालथी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, डोळे फिरलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गावच्या देवीला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. जवळ घोटभर पाणी नव्हतं. "तू बाई हायस का नुसता दगड?" असं भर रस्त्यात ओरडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

लेक दहावी पास झाली होती. तिला सायन्स घ्यायचं होतं, पुढं नर्स व्हायचं होतं. मालकांचं, म्हणजे तिच्या वडलांचं, म्हणणं वेगळं. "लातूर नवा जिल्हा झालाय. कचेऱ्यांत पोरी घ्यायलेत. आर्ट्स बस झालं." लेक ऐकेना, तेव्हा पोरीनं सायन्स घ्यावं का, म्हणून त्यांनी देवीला कौल लावला. आमच्याकडे पाषाण पाण्यानं भिजवून त्याला दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या. पुजाऱ्यानं नुसतं ओलसर फडकं फिरवलं. वाऱ्याची झुळूक आली आणि डावी पडली.

"दगड कोरडा हाय, पाकळी टिकंल कशी?" मी म्हणाले.

"देवीच्या मधी तोंड घालू नको," मालक म्हणाले. पुजाऱ्यानं मान हलवली. झालं, पोरीचं भविष्य ठरलं.

लेक रडली नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता भर उन्हात पायी अहमदपूरच्या कॉलेजाकडं निघाली. शेजारणीनं सांगितलं, तशी मी मागं पळाले.

माझ्या शिव्या संपायच्या आत समोरून पाण्याचा टँकर आला. पाऊस पडावा म्हणून गावानं देवीचा भंडारा ठेवला होता, त्याच्या स्वैपाकाचं पाणी होतं. ड्रायव्हर अनोळखी. उडी मारून खाली आला.

"मावशी, शिव्या मग दे. आधी तिचं डोकं वर धर."

"हे भंडाऱ्याचं पाणी हाय, बाबा."

"मग? देवी काय तहानेनं मरून राहिली?" म्हणत त्यानं नळी सोडली आणि पोरीला चिंब भिजवलं. टँकर तिथंच वळवून आम्हाला दवाखान्यात नेलं.

सलाईन लागल्यावर तिनं डोळे उघडले. पहिलं वाक्य, "आई, कॉलेज बंद व्हईल."

मी चौथी शिकलेली. तिला नर्सच्या हवाली करून कॉलेजात गेले, कारकुनापुढं तिच्या पिशवीतला मार्कांचा कागद ठेवला आणि म्हणाले, "सायन्स लिहा."

"मुलीचे वडील कुठायत?"

"देवळात. भंडाऱ्याच्या पाण्याची वाट बघायलेत. मी हाय ना."

गावात पंक्ती उशिरा बसल्या. मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढीच शांतता मिळाली.

ते पाणी देवीनं पाठवलं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी तिच्यापुढं रोज दिवा लावते. त्या बाभळीखाली माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, तेव्हा मी तिलाच धरलं, शिव्या देत का होईना. तिनं राग मानला नाही. माणसानं शरण जावं ते तिला. तिच्या नावावर आपली मर्जी चालवणाऱ्यांना नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मी तिच्याकडे मागतही नाही.

मालक आता नाहीत. लेक सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता पेन्शनीत निघाली. उन्हात पडलेली ती जगली, आणि मीही.