चंद्राच्या पाण्याची साखर

सुमतीताईंना साठ वर्षं पुरी झाली. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात मोठमोठे लोक लिहिणार, आणि त्यांत दोन बुकं शिकलेल्या माझंही पान! आनंद मावत नाही. पण हात लवकर दुखतो, म्हणून थोडंच लिहिते.

ताई पहिल्यांदा लोणारला आल्या त्या मेहकरच्या एस.टी.ने, रिकामी पोती घेऊन. मला वाटलं, धान्याच्या व्यापारीण असतील. "मावशी, तुमच्या ओसरीवर पथारी टाकू का?" म्हणाल्या. तेव्हापासून दरसाल येतात. आमचं तळं आभाळातून दगड आदळून झालं म्हणतात. म्हणून इथले दगड त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत नेतात. दगड तापवायचा आणि त्यातून किती ओल, किती वाफ निघते ते मोजायचं, हे त्यांचं काम. पुढे चंद्रावरची चिमूटभर मातीही त्यांच्या हाती आली. तिच्यातून पाणी निघालं! ताईंनी इथे येऊन सांगितलं, तेव्हा मी रेशनची सगळी साखर आळीत वाटली. सून अजून त्या बिनसाखरेच्या चहावरून बोलते, ते असो.

पुढच्या खेपेला ताई आल्या त्या थकलेल्याच. "मावशी, ते पाणी चंद्राचं नव्हतं. आपल्याच हवेतलं होतं." पावसाळ्यात साखरेला ओल धरते, तशी त्या मातीला धरली होती. चूक कुणी काढली नव्हती. ताईंनाच शंका आली. त्यांनी लोणारचा दगड भाजून कोरडा ठणठणीत केला, चंद्राची माती ठेवली होती त्याच भांड्यात ठेवला, मग पुन्हा तापवला, तर त्यातूनही तेवढंच पाणी. कितीक वर्षांची मेहनत गेली. तसं त्यांनी स्वतःच छापून कळवलं. बरोबरची माणसं रुसली.

मी म्हटलं, "राहू द्या ना बाई. इथं कोनाले समजते?"

"मला समजलं ना, मावशी."

आणि उठल्या. जिथे जिथे साखर गेली होती, त्या प्रत्येक घरी मला घेऊन गेल्या. उन्हात, दारोदार, तेच सांगत. माझे पाय गेले, त्यांचा आवाज बसला. शेवटच्या दारात कौसाबाई म्हणाली, "काऊन हो बाई, मंग साखर वापस द्या लागते का आता?"

ताई तेव्हा कुठे हसल्या. "ती राहू द्या. खरंच निघालं, तर पुन्हा तोंड गोड करू."

त्या मातीतून ते अजून निघालं नाही. ताई अजून दगड भाजतात. चष्मा जाड झाला, कंबर धरली. दमल्यात, मला दिसतं. देवानं त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, कंबर धड ठेवावी, आणि उरलंच तर थोडं मलाही द्यावं. सुनेपासून लपवून वाटीभर साखर मी बाजूला काढली आहे. ओल धरू नये म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावलंय.