रांगोळीतला नळ

जळकोट तालुक्यातल्या माझ्या गावी दोन परदेशी बँका विकास करून गेल्या. आमच्या बौद्ध वस्तीत मात्र पाणी आलं नाही. मी दोन्हीकडे कंत्राटी दुभाषा होतो, तेव्हा हे मीच सांगितलं पाहिजे.

पहिली बँक जुनी, पश्चिमेकडची. विकास लोकांनीच ठरवावा, असं तिचं म्हणणं. म्हणून विहारापुढच्या अंगणात बायांना रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला बसवलं. आधी आजचं गाव, मग उद्याचं. माझ्या मावशीनं आजच्याच नकाशात वस्तीला नळ काढला.

"मावशी, नळ कुठाय आपल्याला?" मी हळूच विचारलं.

"पाव्हन्यापुढं वस्ती कोरडी दावू का? अन् येनारच हाय की."

तेवढ्यात बँकेच्या साहेबानं इंग्रजीत विचारलं, या नळाला पाणी येतं का? कोरडेपणाची लाज मलाही होतीच. शिकून साहेबांबरोबर हिंडणारा मी, आणि माझीच वस्ती अशी! मी म्हणालो, येतं. साहेब खूश. त्यानं फोटो काढला. वरच्या आळीला नळ आले, आम्हाला यादीत ‘आधीच आहे’ म्हणून वगळलं.

काही वर्षांनी दुसरी बँक आली, आशियातल्या देशांनी काढलेली. तिच्या मते लोकांना विचारत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. मोठी पाइपलाइन टाका आणि मोकळे व्हा. जुन्या बँकेला दिवसभर नावं ठेवणाऱ्या या शहाण्यांनी गावाची यादी मात्र तिचीच उचलली. इंजिनिअरनं टॅबवर बोट ठेवलं, "इथे नळ आहे."

"साहेब, ती रांगोळी होती."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. दोन पावलं चालून बघा म्हटलं, तर गाडीत जाऊन बसला. पाइप वस्तीच्या कडेकडेनं पुढच्या गावाला गेला.

गेल्या उन्हाळ्यात मावशी विहिरीच्या पायऱ्यांवरून घागरीसकट पडली. खुबा मोडला. आता खाटेवरच असते. भेटायला गेलो की मला शरमेनं बसवत नाही.

परवा माझा हात धरून म्हणाली, "म्याच चुकले रे. माज्याच हातानं नळ काढून बसले. तू तर त्या सायबाला खरं सांगितलंच असशील. त्येनंच ऐकलं न्हाई. व्हय ना?"

इंग्रजीत मी काय बोललो होतो, ते तिला कुठून कळणार?

"व्हय मावशी, सांगितलं होतं," मी म्हणालो.