जपानी देवळात आपली मंडळी

र्युसेल्सहाइम-एश्बॉर्नमधले इंजिनिअर ऑफिसला जातात आणि भारतातून आलेले त्यांचे आईबाप माझ्या व्हॅनमध्ये बसतात. मी मास्टर्स अर्धवट सोडलं आणि आता या मंडळींना जर्मनी दाखवते. आवडतं मला! ड्युसेलडॉर्फच्या जपानी देवळाच्या तर प्रत्येक फेरीत एखादा किस्सा घडतोच. घरी गप्प बसणारेही तिथं बिघडतात.

दारात दगडी कुंड, वर बांबूची पळी. हात धुवायला. जोशीकाका ओंजळभर प्यायले, उरलेलं डोक्याला लावलं.

"काका, हात धुवायचं पाणी आहे ते!"

"तीर्थ आहे गं. बाटलीत भर थोडं, सूनबाईला नेतो."

तिथली घंटा भलीमोठी, खास दिवशीच वाजवतात. देशपांडेकाकांनी दणकन वाजवली. पुजारी धावत बाहेर आला आणि आधी वाकला. काका वाकले. तो पुन्हा वाकला. काका पुन्हा. शेवटी मी काकांना स्वेटर धरून ओढलं!

देशपांडेकाकूंनी देवळाबाहेरून प्रदक्षिणा सुरू केली. मागोमाग आठ-दहा जर्मन टुरिस्ट निघाले. एकानं मला हळूच विचारलं, "किती राउंड?"

काकू खूश. "बघ, ह्यांना तरी श्रद्धा आहे. नाहीतर तू!"

आत बुद्ध दिसला की सगळे म्हणतात, "अरे, आपलेच की!" जगात सगळं ह्यांचं आपलं. फक्त शिक्षण सोडलेली मुलगी परकी.

आमचे बाबा त्याच जातीचे. पुण्यात सांगतात, "मुलगी एर्लांगेनला पीएचडी करते." परवा तेही माझ्या व्हॅनमध्ये होते. बसण्याआधीच बजावलं, "ह्या लोकांसमोर बाबा म्हणू नकोस." मी एकदाही 'बाबा' म्हटलं नाही. ते मागच्या सीटवर अनोळखी पाहुण्यासारखे बसले.

वाटेत साठेकाकांनी मला विचारलं, "काय शिकतेस?"

"काही नाही. मास्टर्स सोडलं."

देवळाच्या दारात मी सांगितलं, "बूट काढून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवा. इथली पद्धत आहे."

साठेकाकांनी आपले बूट कसेही भिरकावले. "मास्टर्स जमलं नाही, आता आम्हाला चपला ठेवायला शिकवतेय!"

सगळे हसले.

बाबा खाली वाकले. साठेकाकांचे बूट उचलून टोकं बाहेर करून ठेवले. मग साठेकाकूंच्या चपला. मग बाकीच्यांचे.

"अहो, तुम्ही कशाला?" साठेकाका ओशाळले.

"आमच्या मुलीनं सांगितलंय ना!" बाबा म्हणाले.