गुरुवारचे आकडे

बेरिल स्टॉथर्डला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि मीटरवरून जास्त कळायची. लिंकनशरच्या किनाऱ्यावरच्या गावागावांतून तिनं एकतीस वर्षं विजेची मीटरं वाचली. दोनदा कुत्रा चावला, एकदा एका बाईनं तिला नवऱ्याची भानगड समजून झाडू उगारला, पण बेरिलचा आकडा कधी चुकला नाही. कुठल्या घरात बाळ आलंय, कुठल्या घरातला माणूस कामावरून सुटून दिवसभर घरी बसलाय, कोण पोटमाळ्यावर दिवे लावून भलतीच रोपं वाढवतंय, हे जिन्याखालच्या त्या पेटीतून तिला शेजाऱ्यांच्या आधी कळे. ती म्हणायची, "तोंडानं कुणी काही सांगू दे. ज्याला वीज महाग पडते, त्याचा हात बटणावर असतो."

निवृत्त झाल्यावर तिनं आणि डेरेकनं ग्रिम्सबीचं घर विकलं आणि सँडहोम पार्कमध्ये समुद्राजवळ एक बैठं लाकडी घर घेतलं. अशी एक्केचाळीस घरं, त्यांतलंच एक माझं, सगळ्यांत म्हातारी जोडपी नाहीतर एकटी माणसं. जागा क्लाइव्ह गार्बटची. फाटकापाशी विटांच्या खोलीत सगळ्या पार्कचं एक मोठं मीटर होतं, त्याचं बिल क्लाइव्ह भरायचा आणि प्रत्येक घराच्या छोट्या मीटरवरून आमच्याकडून वसूल करायचा. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्याही त्याच्याच आवारातून घ्याव्या लागत. म्हणजे उजेड त्याचा, चूल त्याची, आणि आम्ही फक्त थंडीचे मालक.

क्लाइव्ह तसा गोड बोलणारा. पन्नाशीचा, गुलाबी, कायम नवा शर्ट. दर गुरुवारी दुपारी साडेबारा ते पाच क्लबच्या हॉलमध्ये हाऊजी असायची आणि आकडे तो स्वतः पुकारायचा, कारण दुसऱ्याच्या हातात माइक त्याला बघवत नसे. दोन हजार बावीसच्या सप्टेंबरात अशाच एका गुरुवारी, पहिला डाव सुरू व्हायच्या आधी, त्यानं चेहरा लांब केला.

"मंडळी, मला सांगताना लाज वाटते. पण घाऊक बाजारात आग लागलीय. तुमच्या गावातल्या पोरांच्या घरांना सरकारनं भावाचं छप्पर तरी घातलंय. माझं मीटर पडलं धंद्याचं, माझ्या डोक्यावर काही नाही. एक तारखेपासून युनिटला बावन्न पेन्स. टाकीचेही वाढतील."

आधी सतरा होते. बेरिलच्या शेजारची एनिड पास्क म्हणाली, "बावन्न! मी काय आता मेणबत्तीवर अंडं उकडू?"

"एनिड राणी, त्यातली एक पेनी माझ्या खिशात जात असेल तर जीभ झडू दे माझी," क्लाइव्ह म्हणाला आणि पिशवीतून पहिला आकडा काढला.

ते खोटं वाटावं असं काही नव्हतं. त्या हिवाळ्यात टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. लढाईनं गॅस महागला, गॅसनं वीज महागली, आणि रोज कोणी तरी टाय बांधून येऊन दोन स्वेटर घाला म्हणून सांगायचं. चहाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर लोक तब्येतीची चौकशी सोडून एकमेकांना एकच विचारत, "तुमचा भाव बांधलेला आहे का?" ज्यांनी महागाईच्या आधी दोन-तीन वर्षांचा करार करून भाव बांधून घेतला होता, ते लॉटरी लागल्यासारखे छाती काढून फिरत. बाकीचे मान खाली घालून.

डेरेक मान खाली घालणाऱ्यांतला नव्हता. चाळीस वर्षं तो गोदीवर बर्फात हात घालून मासे कापत होता. बोटं वाकडी झाली होती, छातीत घरघर होती, पण थंडीचं नाव काढलं की हसायचा. "थंडी? थंडी माझी मावशी आहे."

बेरिलनं मात्र हिशेबानं घर चालवायचं ठरवलं. डेरेकची छाती बघता दुपारी बारा ते सहा तेलाचा हीटर चालू राहिलाच पाहिजे, बाकी वेळ गरम पाण्याची पिशवी आणि गोधडी. सवयीप्रमाणे ती रोज बाराला आणि सहाला मीटर बघून एका निळ्या वहीत किती जळलं ते मांडायची. रोजचे सहा पडत, क्वचित सात. गुरुवारी मात्र एक.

"गुरुवारी बघ कसं वाचतं," ती म्हणायची.

"तू नसतेस ना," डेरेक म्हणायचा. "दिवसभर किटली उकळत ठेवणारी बाई घरात नसली की मीटर पण झोपतं."

"हो का? मग रोजच जाते हाऊजीला."

"जा की. तिथं गरम असतं. जा, बेर, मी टीव्ही बघतो."

आणि ती जायची. क्लबचा हॉल खरंच उबदार असायचा. ती परतली की डेरेक खुर्चीत बसलेला, हीटर नुकता तापत असलेला. एकदा तर तिनं त्याच्या गालावर टिचकी मारून शाबासकी दिली होती, की आठवड्याच्या बिलात तू एक दिवस फुकट काढून देतोस. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातले आकडे वाचून माणूस ओळखणाऱ्या बाईला आपल्या घरातला एकचा आकडा वाचता आला नाही.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात त्याचा खोकला छातीत उतरला. इस्पितळात पाच दिवस. शेवटच्या दिवशी तो ऑक्सिजनच्या मुखवट्यातून म्हणाला, "इथं काय गरम ठेवतात गं. बिल कोण भरतं यांचं?" तेच त्याचं शेवटचं धड बोलणं.

घरी आल्यावर तिनं त्याची खुर्ची झटकली, तेव्हा उशीमागे लोकरीची टोपी, हातमोजे आणि त्याचा गोदीवरचा जुना जाड कोट कोंबलेला मिळाला. तिनं उभ्या उभ्या निळी वही उघडली. मग तिला सगळं कळलं. ती रडली नाही. अंगभर संताप चढला होता आणि कुणावर काढायचा ते तिला अजून माहीत नव्हतं. त्यातला निम्मा तिचा तिच्यावरच होता.

ते दफनाच्या दिवशी ठरलं. चहा क्लबच्या हॉलमध्ये होता. क्लाइव्हनं तिचे दोन्ही हात हातात घेऊन "सोन्यासारखा माणूस" वगैरे म्हटलं. बेरिलचं लक्ष त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर होतं. मागच्या अंगणात चार उंच वीजशेगड्या लालभडक पेटलेल्या होत्या. खाली एक माणूस नाही, नुसते सीगल. पलीकडे त्याच्या बंगल्याच्या गच्चीवर गरम पाण्याचा हौद भर दुपारी वाफाळत होता, त्यातही कुणी नव्हतं.

"बावन्न पेन्स," ती हळूच म्हणाली.

"काय म्हणालीस?" एनिडनं विचारलं.

"काही नाही. याचा हात बटणावर नाही, एवढंच."

घेतलेल्या भावापेक्षा चढ्या भावानं राहणाऱ्याला वीज विकता येत नाही, हा कायदा तिला नोकरीपासून पाठ होता. तिनं क्लाइव्हला चिठ्ठी लिहिली, बिल दाखवा. उत्तर आलं, धंद्याची कागदपत्रं खासगी आहेत. पुन्हा लिहिलं. यावेळी तो दारात आला आणि डोकं एका बाजूला कलतं करून म्हणाला, "बेरिल राणी, दुःखात माणसाला कुणावर तरी राग काढावासा वाटतो. मी समजू शकतो."

त्या दिवसापासून ती त्याला मिस्टर गार्बट म्हणू लागली. आणि विचार करू लागली. कोर्टात जायचं तर हातात काही पाहिजे. शंकेवर म्हाताऱ्यांपैकी कुणी सही करणार नाही, सगळ्यांना जागा जाईल ही भीती. त्याच्या तोंडूनच निघालं पाहिजे, आणि सगळ्यांसमोर. चोर म्हटलं तर हा हसेल, वकिलाची धमकी देईल. मग याला काय सहन होत नाही? तिनं दोन गुरुवार कोपऱ्यात बसून नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आकडा पुकारताना कुणी चूक दाखवली की त्याचे कान लाल होत. चोर म्हटलेलं चालेल, मूर्ख म्हटलेलं चालणार नाही. बेरिल स्वतःशीच हसली. डेरेक गेल्यापासून पहिल्यांदा.

मार्चमधल्या एका गुरुवारी मधल्या सुट्टीत, क्लाइव्ह बिअरचा तिसरा ग्लास आणि माइक घेऊन टेबलांमधून थट्टा करत फिरत होता. तो जवळ येताच ती एनिडला मोठ्यानं म्हणाली, "माझा भाऊ ट्रेव्हर, क्लीथॉर्प्सचा. साधा मासे तळणारा, पण काय डोकं! एकवीसच्या उन्हाळ्यात दुकानाचा भाव बांधून घेतला. दोन वर्षांसाठी. अख्ख्या किनाऱ्यावर असा हुशार दुसरा नाही."

बेरिलला भाऊ नव्हताच. एनिडला ते ठाऊक होतं. पण म्हातारी पक्की होती, तिनं मान डोलावली. "धंदा करावा तर असा."

"नाहीतर आपले मिस्टर गार्बट," बेरिल उसासा टाकून म्हणाली. "एवढी मोठी जागा, एवढा पसारा, आणि ऐन वेळी बिचारा झोपून राहिला. बावन्न पेन्स मोजतोय. जाऊ दे, सगळ्यांनाच डोकं कुठून असणार? मला तर बाई त्याची दयाच येते."

दोन-तीन जण हसले. क्लाइव्हचे कान लाल झाले.

"कोण झोपलं?"

"अरे, मनाला लावून घेऊ नकोस. तळणाऱ्या माणसाला जमलं ते तुला नाही जमलं, त्यात काय एवढं."

"दोन वर्षं?" क्लाइव्ह म्हणाला. माइक तोंडाशीच होता. "दोन वर्षं बांधून नाचतोय तो? मी तीन बांधलीत, बाईसाहेब! एकवीसच्या मार्चमध्ये! चौदा पेन्सनं! चोविसाव्या सालापर्यंत मला कुणी हात लावू शकत नाही. सांगा तुमच्या ट्रेव्हरला!"

हे सगळं चारही भिंतींवरच्या भोंग्यांतून ऐकू आलं. आपण काय बोललो ते त्याला लगेच कळलं नाही, तो हसतच उभा होता. मग एनिड पास्क काठीवर जोर देऊन उठली.

"चौदा?" ती म्हणाली. "मेल्या, मी सकाळचा चहा सोडला!"

पुढचं लांबण लावत नाही. त्यानं थट्टा होती म्हणून सांगून पाहिलं, दोघा-तिघांना टाकी फुकट देऊन पाहिली. पण घाबरट म्हातारी माणसं एकदा चिडली की त्यांच्यासारखी चिवट दुसरी नाहीत, आणि त्यांना दुसरं कामही नसतं. एक्केचाळीस घरांनी लहान दाव्यांच्या कोर्टात एक्केचाळीस अर्ज टाकले. सगळे बेरिलच्या गोल, स्वच्छ अक्षरात. कोर्टानं करार मागवला आणि करारात चौदा लिहिलं होतं. नोव्हेंबरात निकाल लागला. क्लाइव्हनं बंगला विकायला काढला. शेगड्या बंद झाल्या, हौद कुणी तरी ट्रकवर घालून घेऊन गेलं. बेरिल ते दाराशी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

चेक तो घरोघर स्वतः पोचवत होता, वकिलानं तसं सुचवलं असावं. तिच्याकडे आला तो गुरुवार होता. समुद्रावरून बोचरं वारं सुटलं होतं आणि तो नेहमीच्या पातळ शर्टात होता.

"आत या, मिस्टर गार्बट. बसा. त्या खुर्चीत."

तो बसला. तिनं हीटरचं बटण बंद केलं आणि समोर बसून चेक दोनदा वाचला, मग निकालपत्राशी ताडून तिसऱ्यांदा. मीटर वाचणाऱ्या बाईला घाई नसते. दहा मिनिटांनी तो हात चोळू लागला.

"इथं जरा गार आहे, मिसेस स्टॉथर्ड."

"हो. असतं." तिनं निळी वही त्याच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही आकडे छान पुकारता. खुणा केल्यात ते गुरुवार वाचा. बारा ते सहा, किती जळलं ते."

"हे कशाला?"

"वाचा. मोठ्यानं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागला. "तीन नोव्हेंबर, एक. दहा नोव्हेंबर, एक. सतरा, एक. चोवीस, शून्य." त्याचा आवाज हॉलमधल्यासारखा नव्हता. "एक डिसेंबर, एक. आठ, एक. पंधरा, एक. बावीस, एक. एकोणतीस डिसेंबर..." तो थांबला. "इथं सहा आहे."

"बरोबर आहे सहा."

"मग बाकीच्या गुरुवारी एक का?"

"त्या आठवड्यात नाताळ म्हणून तुम्ही हाऊजी ठेवली नव्हती," बेरिल म्हणाली. "मी घरी होते. पुढचे दोन राहिलेत, वाचा."